वाशीतल्या एका आयसीयूचा रिव्ह्यू : सलाईनचा जमाखर्च लिहिणारी माणसं

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एवढंच समजा की वाशी-सानपाडा पट्ट्यातलं मधल्या साइजचं आहे, लॉबीत कारंजं वगैरे काही नाही, खाली मेडिकल आणि बाहेर चहावाला. त्याआधी दीड दिवस ज्या नर्सिंग होममध्ये होतो त्याबद्दलही लिहायचंय आणि ते काही गोड नाहीये, मग एकाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याचं झाकायचं हे मला पटत नाही, म्हणून दोघंही बिननावाचे.

लोक हॉस्पिटलबद्दल लिहितात तेव्हा डॉक्टर नीट बोलतात का, बाथरूम स्वच्छ आहे का, पार्किंग मिळतं का हे लिहितात. मी अकरा दिवस वेटिंगमध्ये बसून एकच गोष्ट बघितली, सलाईन. हो, ती साधी बाटली, जी आपण गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन स्वतःच मागतो की अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका. आमचे आबा, म्हणजे वडील, तर दर गणपतीच्या आधी एक लावून घ्यायचे, तरतरी येते म्हणे. ती अर्ध्या लिटरची ग्लुकोजची बाटली असते ना, पाच टक्केवाली, तिच्यात २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आतबाहेर कॅलरी. एका वडापावाची बरोबरी होत नाही तिच्याने.

तर झालं काय. जुलैतला सोमवार, आम्ही कोपरखैरण्याला राहतो, बाहेर धो धो पाऊस. आबा ६७ वर्षांचे, शुगर आहे, बीपी आहे, हार्टचं पंपिंग थोडं कमी आहे असं मागे टूडी इकोत आलेलं. दोन दिवस लघवीला जळजळतंय म्हणत होते आणि आम्ही, म्हणजे मीच, धन्याचं पाणी प्या, जवाचं पाणी प्या करत बसले. सोमवारी दुपारी अशी थंडी भरली की लोखंडी कॉट वाजायला लागली, आणि चारच्या सुमाराला बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा मात्र रिक्षात घालून जवळच्या नर्सिंग होमला नेलं. बीपी ८०-५०. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलंय म्हणाले, सेप्सिस.

इथे मी खरं तेच लिहिणार. त्या नर्सिंग होमने पहिल्या तीन तासात जे केलं ते बरोबर केलं. दोन्ही हातांना सुया, भराभर चार बाटल्या, रक्ताची कल्चर पाठवली, अँटिबायोटिक लगेच सुरू. नंतर मला कळलं की जगभरात सेप्सिसचे जे नियम मानतात त्यात पण पहिल्या तीन तासात किलोमागे ३० मिली द्या असंच सुचवलेलं आहे. आबांचं वजन ६२ किलो, म्हणजे १८६० मिली, यांनी दिलं दोन लिटर. एकदम बरोबर. सातपर्यंत आबा मला ओळखायला लागले, जेवलीस का म्हणाले, मी खाली जाऊन रडून आले. पहिल्या ३ तासांना पाच स्टार देते, पुढच्या ३५ तासांना शून्य.

कारण नंतर ती बाटली बंदच झाली नाही. एक संपली की दुसरी. कोणी विचारलं नाही की आता गरज आहे का, किती गेलं, किती आलं, राउंडला डॉक्टर यायचे, फाईलवर ‘कंटिन्यू’ लिहायचे आणि जायचे. रात्री आबांनी हात वाकवला की थेंब थांबायचे, मग मामा, म्हणजे वॉर्डबॉय, येऊन नळीवरची ती चाकी पूर्ण मोकळी सोडायचा आणि निघून जायचा, एकदा तर माझ्या डोळ्यासमोर अर्धा लिटर चाळीस मिनिटात संपलं. मी सिस्टरला म्हटलं अहो हे जरा जोरात चाललंय का, तर उत्तर आलं, ताई पाणीच आहे ते, त्याने काय होतंय.

काय होतं ते मंगळवारी रात्री दिसलं. आडवं झोपवेना. उशा रचून बसवलं तरी धाप, पायाला बोट लावलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा, डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, ऑक्सिजन ८८. युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, मात्र तळाला गडद चहासारखी थोडीशी लघवी. एवढं पाणी आत जातंय आणि बाहेर काही येत नाही, तर ते जातंय कुठे हा प्रश्न माझ्यासारख्या बीकॉम झालेल्या बाईला पडला, तिथे कोणाला पडला नाही. पहाटे साडेपाचला दादाने ॲम्ब्युलन्स केली आणि वाशीला हलवलं.

मी तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्स बघते. माणूस घाबरला की ज्याच्या त्याच्या सवयीचं काम करतो, मी वेटिंगच्या खुर्चीत बसून नर्सिंग होमच्या मेडिकलची बिलं काढली आणि बाटल्या मोजल्या. अर्ध्या लिटरच्या तेरा, त्यातल्या दहा नॉर्मल सलाईन आणि तीन डीएनएस, म्हणजे सलाईनमध्ये साखर, तीही शुगर ३४० असलेल्या माणसाला. इन्सुलिन बरोबर असेल तर साखरवालं पण देतात म्हणा, पण ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. शिवाय अँटिबायोटिक वगैरे ज्यात घालून देतात त्या १०० मिलीच्या छोट्या नऊ. एकूण ७४०० मिली. शेवटच्या बाटलीत उरलेलं वजा केलं तरी सव्वासात लिटर ३८ तासात. लघवी त्यांच्या कागदावर ११०० मिली. शिल्लक सहा लिटरच्या वर.

आता त्यातलं मीठ बघा. नॉर्मल सलाईनच्या लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, डीएनएसमध्येही तेवढंच, छोट्या बाटल्या पण सलाईनच्याच. सव्वासात गुणिले नऊ, पासष्ट ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं. म्हणजे तेरा दिवसांचं मीठ दीड दिवसात. आमची आई वर्षभर लोणच्याची बरणी आबांपासून वरच्या फळीवर लपवून ठेवते हो, पापड भाजला तर अर्धा देते!

बुधवारी सकाळी सहाला वाशीच्या आयसीयूत घेतलं. मला वाटलं आता आल्या आल्या सगळी नवीन टेस्ट, सीटी, एमआरआय. आयसीयूच्या डॉक्टर मॅडमनी, चाळिशीच्या असतील, सगळ्यात आधी काय केलं माहितीय? आबांच्या बोटाचं नख दाबून धरलं आणि सोडलं, गुलाबी रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. तीनच्या आत यायला पाहिजे, आबांना पाच लागले. मग गुडघ्यांना हात लावून बघितला गार आहेत का. मग छोटं सोनोग्राफीचं मशीन आणून छातीवर फिरवलं आणि दादाला स्क्रीन दाखवली, या उभ्या पांढऱ्या रेघा दिसतायत ना, हे फुप्फुसातलं पाणी. आणि मग विचारलं, ताई, काकांचं घरचं वजन किती? मी म्हटलं ६२, पंधरा दिवसांपूर्वीच शुगरच्या डॉक्टरकडे केलेलं. तिथला बेडच वजन करतो, उचलावं लागत नाही. ६७.५.

साडेपाच किलो. माझं कागदावरचं गणित सहा लिटरच्या वर होतं, मग फरक कसा काय, अकाउंटवाल्या माणसाला हे टोचतंच. तिथल्या नाइटच्या सिस्टर ड्युटी संपवून निघालेल्या, पाच मिनिटं थांबून त्यांनी सांगितलं की घामातून, श्वासातून रोज पाऊण-एक लिटर असंच उडून जातं, ताप असला की जास्तच, ते कुठल्या युरोबॅगेत सापडत नाही, म्हणून आम्ही चार्ट पण लिहितो आणि काटा पण करतो, दोन्ही एकमेकांना धरून चाललेत ना ते बघायला. त्या क्षणी मला कळलं की आपण बरोबर जागी आलोय. आमच्याकडे त्याला रिकन्सिलिएशन म्हणतात आणि ते न करता झोपणारा अकाउंटंट चोर तरी असतो नाहीतर गाढव.

आता मला जे चक्रावून गेलं ते. बीपी अजून कमीच होतं, मग मी आपलं सरळ विचारलं, बीपी कमी म्हणजे सलाईन पाहिजे ना? मॅडम म्हणाल्या, तुमच्या सोसायटीची पाइपलाइन फुटलीय समजा. मोरबे धरणातून कितीही पाणी जास्त सोडलं तरी तुमच्या नळाला प्रेशर येणार नाही, भिंती मात्र ओल्या होतील. सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पण पडतात आणि पाझरायला पण लागतात. सुरुवातीला टाकी रिकामी होती म्हणून पाणी लागलं, आता टाकी भरलेलीच आहे, पाइप आवळायचाय. त्यासाठी मानेतल्या मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, टाकून रक्तवाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनलिन सुरू केलं, सिरिंज पंपावर, तासाला काही मिली एवढंच, आणि टार्गेट ठरवलं, सरासरी बीपी ६५. त्याला ते मॅप म्हणतात. मला आधी वाटलं नकाशा काढणार आहेत.

तरी पण त्यांनी असं गृहीत धरलं नाही की आता पाणी लागणारच नाही. दुपारी मॅप ५८ वर घसरला तेव्हा मी काचेतून बघत होते, मला वाटलं आता बाटली लावतील. त्यांनी बेडचं डोकं खाली केलं आणि पाय वर, पंचेचाळीस अंशात, आणि एक मिनिट छातीवर सोनोग्राफी धरून हृदय किती रक्त फेकतंय ते बघत राहिले. नंतर समजावलं की पायातलं स्वतःचंच रक्त, साधारण ३०० मिली, हृदयाकडे परत येतं, त्याने हृदयाचा जोर वाढला तर वरून दिलेल्या पाण्याचाही उपयोग होईल, नाही वाढला तर पाणी फुकट जाईल आणि फुप्फुसात बसेल. आणि बेड खाली केला की रक्त परत पायात. म्हणजे कर्ज काढायच्या आधी घरातलेच पैसे या खिशातून त्या खिशात टाकून बघायचे की धंदा हलतो का. काय डोकं आहे बघा, फुकटातली टेस्ट! आबांच्या हृदयाचा जोर वाढला नाही. बाटली लागली नाही. नॉरॲड थोडं वाढवलं, तासाभरात ६६.

मग तो चार्ट. आयसीयूच्या बेडच्या पायथ्याला एवढा मोठा कागद, एका बाजूला आत, दुसऱ्या बाजूला बाहेर, दर तासाला एक ओळ. आतच्या बाजूला नुसत्या बाटल्या नाहीत हां, इंजेक्शन ज्यात विरघळवलं ते २० मिली, लाइन साफ करायला मारलेलं १० मिली, नाकातल्या नळीतून दिलेलं पाणी, सगळं. मॅडम म्हणाल्या डॉक्टर लोक सलाईन बंद करून खूश होतात आणि औषधांच्या छोट्या बाटल्यांमधून दिवसाला लिटरभर पाणी कधी आत गेलं ते कळतच नाही, उंदीर पोत्याला भोक पाडतो तसं. म्हणून जे औषध कमी पाण्यात चालतं ते त्यांनी सिरिंज पंपावर घेतलं, १०० मिलीच्या बाटल्या जवळपास बंद. बाहेरच्या बाजूला लघवी, ताशी ३० मिलीच्या खाली गेली की सिस्टर त्या आकड्याला लाल गोल करायच्या. आबांसाठी ३० म्हणजे किलोला अर्धा मिली. आणि पहाटे सहाला खाली एक बेरीज, अधिक की वजा. पंधरा मिनिटांच्या भेटीत मी आबांचा हात धरायचे आणि दुसऱ्या डोळ्याने ती बेरीज वाचायचे.

चौथ्या रात्री नवीन मामाने युरोबॅग न मोजता ओतून दिली. सकाळी चार्टवर त्या तासासमोर लिहिलेलं, ‘अंदाजे ४००, मोजलं नाही’, खाली सिस्टरची सही. कुठेही ४२० लिहून गप्प बसता आलं असतं, कोण विचारणार होतं. मला ही एक ओळ त्यांच्या सगळ्या मशिनरीपेक्षा भारी वाटली.

रात्री वेटिंगमध्ये झोप येत नाही, एसी असा की कोल्ड स्टोरेज, मग मी मोबाइलवर वाचत बसायचे. हे शिरेत मिठाचं पाणी द्यायचं काढलं कोणी, तर १८३२ ला स्कॉटलंडमध्ये कॉलऱ्याची साथ होती तेव्हा थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने. त्याच्या आधी काही महिने विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने कॉलऱ्याच्या रोग्यांचं रक्त तपासून सांगितलेलं की यातलं पाणी आणि क्षार गेलेत, ते परत भरा. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्र उभं केलं, कुठून कुठे बघा. आणि लॅटाची पहिली पेशंट, एक म्हातारी बाई, मरायला टेकलेली, पाणी गेल्यावर चेहरा उजळला, बोलायला लागली, लॅटा तिला दुसऱ्या डॉक्टरवर सोडून गेला, जुलाब परत सुरू झाले, पाणी परत कोणी दिलं नाही आणि काही तासात ती गेली. तिला कमी पडलं, आबांना जास्त झालं, पण दोन्हीकडे गडबड तीच, एकदा लावल्यावर परत येऊन बघितलं नाही.

म्हणून कोणी असं पण समजू नका की सलाईन वाईट आणि कमी दिलं की पेशंट बरा. मी पण पहिल्या दोन दिवसात त्याच तोऱ्यात होते, मॅडमना जाऊन म्हटलं की तुम्ही कमी देता ते बरोबर, जास्त देणारे चुकीचे. त्यांनी माझी हवा काढली. म्हणाल्या २०२२ मध्ये युरोपातल्या आयसीयूंमध्ये सेप्टिक शॉकच्या पंधराशेच्या वर पेशंटवर अभ्यास झाला, अर्ध्यांना हात आखडून फ्लुइड दिलं, अर्ध्यांना नेहमीसारखं, ९० दिवसांनी दोन्हीकडे मेलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं, बेचाळीस टक्के. आणि त्याच्या आधी २०११ मध्ये आफ्रिकेतल्या तीन हजारावर तापाच्या मुलांवर झालेला, तिथे भराभर सलाईन दिलेल्या मुलांमध्ये उलट जास्त मुलं गेली. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, समोरच्या माणसाकडे दर दोन तासाला बघावं लागतं. नॉर्मल सलाईन की आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, ही दुसऱ्या प्रकारची बाटली, यावर पण असंच. सलाईनमध्ये क्लोराइड १५४, आपल्या रक्तात शंभराच्या आसपास, म्हणजे नावाला नॉर्मल. आरएल रक्ताच्या जास्त जवळचं. तरी ब्राझीलच्या २०२१ च्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात आरएलसारखं संतुलित पाणी आणि सलाईन यांच्यात मृत्यूचा ठळक फरक दिसला नाही. मॅडम स्वतः आरएलवाल्या आहेत, पण भांडण मिटलंय असं त्या म्हणत नाहीत. हे मला आवडलं. डॉक्टरने आपल्याला न पटणारी माहिती पण सांगितली की भरवसा बसतो.

तिसऱ्या दिवशी नॉरॲड उतरायला लागलं आणि मग सुरू झाला पाणी काढायचा कार्यक्रम. लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, पंपावर. आधी दिलेलं ओझं उतरवणं हा उपचाराचा वेगळा टप्पाच असतो म्हणे, तो बऱ्याच ठिकाणी कोणी करतच नाही, पेशंट सुजलेला तसाच पडून राहतो आणि व्हेंटिलेटरवर जातो. आबा बायपॅप मास्कवरच, म्हणजे घशात नळी न घालता दाबाने हवा देतात त्यावरच, निभावले. शुक्रवारी बेरीज वजा १८००, शनिवारी वजा १५००. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं ‘आज मायनस अठराशे’ तर साताऱ्याच्या काकांचा लगेच फोन, पैसे कमी पडतायत का, पाठवू का!

लघवीबरोबर पोटॅशियम पण गेलं, ३.१ वर आलं, ते भरायला दिलं तेव्हा सिस्टर पंपाजवळून हलल्या नाहीत आणि दोघींनी मिळून डोस वाचून बघितला. मी विचारलं एवढं काय, तर म्हणाल्या हे जोरात गेलं तर हृदय थांबतं ताई. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा, २.६ पर्यंत गेलेलं, किडनीवाले डॉक्टर रोज येऊन डायलिसिस लागेल का बघून जायचे, लागलं नाही, आठव्या दिवशी १.५.

मधल्या दोन रात्री आबा भ्रमात होते. आबांनी सगळी हयात मापाडी, म्हणजे बाजारात धान्य मोजणारा, म्हणून काढली, आधी मशीद बंदरला दाणा बंदरात, मग बाजार इकडे आला तसे वाशीच्या धान्य मार्केटात. रात्री तीनला मास्कच्या आतून मोजत होते, ‘लाभ… दोन… तीन…’. नागपूरकडची सिस्टर बिचारी घाबरून मला बोलवायला आली की काका लाभ लाभ काय म्हणतायत, कोणाला बोलावतायत का. तिला सांगितलं की जुना मापाडी एक म्हणत नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणतो. त्यानंतर ती सिस्टर तासाची लघवी मोजायला आली की आबांना मोठ्याने म्हणायची, काका लाभ! आणि आबा हात उचलायचे.

वेटिंगमध्ये शेजारी घणसोलीचं एक कुटुंब होतं, त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी डेंग्यूची. त्यांचं सगळं लक्ष प्लेटलेट्सवर, पपईच्या पानांचा रस, किवी, सगळं चालू. इथे डॉक्टर मात्र दर सहा तासांनी हिमॅटोक्रिट बघायचे, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते. डेंग्यूत ताप उतरायला लागला की चोवीस ते अठ्ठेचाळीस तास रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं, तेवढ्या वेळात मोजून मापून फ्लुइड द्यायचं आणि नंतर वेळेवर बंद करायचं, कारण पाझरलेलं पाणी आपोआप रक्तात परत येतं, तेव्हा बाटली चालूच राहिली तर धाप लागते. तिसऱ्या दिवशी तिची सलाईन काढली तर तिची आत्या भांडायला उठली, पैसे घेता आणि सलाईन काढता काय! मी त्यांना बाजूला घेऊन आमची पासष्ट ग्रॅमची गोष्ट सांगितली. मुलगी आमच्या आधी घरी गेली.

आता स्टार कापायचं. पहिलं बिल. सिरिंज पंपाचं रोजचं भाडं प्रत्येक पंपामागे ४००, ठीक आहे, पण सहाव्या दिवशी दोन पंप चालू असताना बिलात चार. मी चार्टची तारीख-वेळ सांगितल्यावर काढले, सॉरी म्हणाले, पण चार्ट न वाचणाऱ्या माणसाचं काय? दुसरं, मेडिक्लेमच्या डेस्कवर दुपारी दोन ते चार कोणी नसतं, आणि नेमकी इन्शुरन्सची क्वेरी तेव्हाच येते. तिसरं, डॉक्टरांची सांगायची वेळ अकराची, येणार दीडला, तोपर्यंत हलायचं नाही, एकदा मी वॉशरूमला गेले तेवढ्यात नाव पुकारून गेले. चौथं, वेटिंगची ती कोल्ड स्टोरेज, घरून शाल नेलीच पाहिजे. चहावाला मात्र छान आहे, रात्री दोनला पण असतो, आल्याचा चहा, उधारी ठेवतो.

कोणाचं माणूस आत असेल तर एवढं करा, सलाईनला स्वतः हात लावू नका, चाकी फिरवू नका, पण रोज विचारा की काल आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, आणि वजन किती भरलं. जिथे हे लगेच सांगतात तिथे निवांत बसा. जिथे ‘पाणीच आहे ते’ असं उत्तर येतं तिथे काय करायचं हे मला त्या मंगळवारी सुचलं नाही, एक रात्र उशीर झाला, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज. जाताना वॉर्डातल्या उभ्या काट्यावर वजन केलं. सिस्टर म्हणाल्या ६२.१. आबा खाली उतरले, काट्याकडे वाकून बघितलं, म्हणाले चपला राहिल्या पायात, धडा होऊ दे नीट, म्हणजे जादाचं वजन वजा होऊ दे, आणि चपला काढून परत चढले. ६१.८. तो आकडा सिस्टरने फाईलवर लिहिला तेव्हाच ते व्हीलचेअरवर बसले.